ब्रॉकहाउस घराणे: संपादकही ब्रॉकहाउस आणि प्रकाशकही ब्रॉकहाउस, हे कसे?

ग्रंथनोंद यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या संस्कृत विभागाची नव्याने नोंद करण्याचे काम मी गेले काही महिने करीत आहे. एका कपाटात कथासरित्सागराचे दोन जर्मन खंड सापडले आणि त्यांनी मला बुचकळ्यात टाकले. पहिला 1839 सालचा आहे. त्यात पहिले पाच लंबक (ग्रंथाचे भाग) देवनागरीत छापलेले असून सोबत जर्मन भाषांतर आहे. शीर्षकपानावर संपादक म्हणून हेरमान ब्रॉकहाउस हे नाव आहे आणि त्याच पानाच्या तळाशी प्रकाशक म्हणून लाइपझिगच्या एफ. ए. ब्रॉकहाउस यांचे. दुसरा खंड 1862 सालचा आहे. संपादक तेच आहेत, परंतु संपूर्ण संस्कृत मजकूर रोमन अक्षरांत आहे, भाषांतर मुळीच नाही, आणि प्रकाशकाच्या नावाआधी ‘इन कोमिसिओन’ असे काही शब्द आहेत, ज्यांचा अर्थ मला लागला नाही. सुरुवातीला मी हे दोन वेगळ्याच मालिकांतले ग्रंथ समजून त्यांच्या नोंदी दूरदूर केल्या होत्या.

त्याच कपाटात हेरमान ग्रासमान यांचा ऋग्वेदाचा शब्दकोशही आहे आणि त्याचेही प्रकाशक ब्रॉकहाउसच आहेत. जर्मन ज्ञानकोशासाठी हे नाव प्रसिद्ध आहे, एवढे मला ऐकून ठाऊक होते. माझे प्रश्न असे: हे संपादक आणि प्रकाशक एकाच घरातले आहेत का? तसे असल्यास हा ग्रंथ केवळ घरचा माणूस म्हणून छापला गेला का? आणि जी पेढी कथासरित्सागरासारखे मूठभर वाचकांचे ग्रंथ काढत होती, ती एका कुटुंबाच्या हाती इतका काळ कशी टिकली? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास नोंदवहीतील टिपणासाठीही त्याचा उपयोग होईल.

खिळेजुळारी यांचे उत्तर

होय, दोघे एकाच घरातले आहेत. हेरमान ब्रॉकहाउस हे पेढीचे संस्थापक फ्रीड्रिख आर्नोल्ड ब्रॉकहाउस यांचे पुत्र. वडील 1823 मध्येच वारले होते, त्यामुळे 1839 चा ग्रंथ पित्याने पुत्रासाठी काढला असे म्हणता येणार नाही. तो काढला पेढी चालवणाऱ्या दोन थोरल्या भावांनी, म्हणजे फ्रीड्रिख आणि हाइनरिख यांनी. हेरमान यांनी विद्यापीठाची वाट धरली. या वाटणीत भाऊबंदकी नव्हती, हे या घराण्याच्या इतिहासातील महत्त्वाचे आहे असे मला वाटते.

संस्थापकाची हकिगत थोडी विस्ताराने सांगतो, कारण पुढचे सगळे त्यातून उलगडते. फ्रीड्रिख आर्नोल्ड यांचा जन्म 1772 चा, डोर्टमुंडचा. ते मुळात कापडाचे व्यापारी. पूर्वीच्या भागीदाराशी सुरू झालेला वाद आणि व्यापाराची ओढ यांमुळे ते हॉलंडमध्ये गेले, आणि युरोपातल्या युद्धांनी इंग्लंडच्या कापडाचा व्यापार बेभरवशाचा झाला तेव्हा त्यांनी 1805 मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे पुस्तकांचे दुकान काढले. परदेशी माणसाला तेथील पुस्तकविक्रेत्यांच्या संघात प्रवेश नव्हता, म्हणून ते दुकान रोलोफ नावाच्या मुद्रकाच्या नावाने चालवावे लागले. आपल्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेढीची सुरुवात दुसऱ्याच्या नावाच्या पाटीखाली झाली!

1808 च्या शरद ऋतूत ते लाइपझिगच्या जत्रेला गेले आणि तेथे त्यांनी एका अपुऱ्या राहिलेल्या कोशाचे हक्क 1,800 थालरना (थालर हे तेव्हाचे जर्मन चांदीचे नाणे) विकत घेतले. हा कोश ब्रॉकहाउस यांनी सुरू केला असे पुष्कळ ठिकाणी लिहिले जाते, ते बरोबर नाही. रेनाटुस गोटहेल्फ ल्योबेल आणि ख्रिस्टिआन व्हिल्हेल्म फ्रांके या दोघांनी तो 1796 मध्ये सुरू केला होता. ल्योबेल 1799 मध्ये वारले, कोश एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला आणि कोणालाही तो धड पूर्ण करता येईना. ‘संभाषण-कोश’ हे त्याचे नाव त्याच्या हेतूला धरूनच होते. चार सुशिक्षित माणसांत बसल्यावर निघणाऱ्या विषयांवर बोलता यावे, एवढी माहिती सामान्य वाचकाला घरबसल्या मिळावी, असा तो हेतू होता. ब्रॉकहाउस यांनी प्रथम पुरवणी खंड काढून मूळ कोश पुरा केला आणि 1812 पासून दुसरी आवृत्ती नव्याने लिहून घ्यायला सुरुवात केली. दरम्यान ते आल्टेनबुर्गला आले होते, 1814 पासून पेढीला एफ. ए. ब्रॉकहाउस हे नाव मिळाले, आणि नंतर त्यांनी बिऱ्हाड आणि व्यवसाय दोन्ही लाइपझिगला हलवून तेथे 1818 मध्ये स्वतःचा छापखाना घातला.

त्या काळचा जर्मनी म्हणजे एकोणचाळीस राज्यांचा संघ. एका राज्यात छापलेले पुस्तक शेजारच्या राज्यातील मुद्रकाने बिनदिक्कत पुन्हा छापावे आणि स्वस्तात विकावे, हा रोजचा प्रकार होता. श्टुटगार्टच्या माकलोट या मुद्रकाने कोशाची अशी चोरटी आवृत्ती काढली, तेव्हा ब्रॉकहाउस यांनी दाद मागितली आणि पत्रके काढून जाहीर झगडाही केला. पण त्यांचे खरे उत्तर वेगळे होते. त्यांनी आवृत्त्यांचा वेगच वाढवला. एक आवृत्ती पुरी होत नाही तोच पुढची सुरू, आणि प्रत्येक वेळी मजकूर सुधारलेला, ताज्या घडामोडी घातलेला. चोराच्या हाती नेहमी शिळा माल राहावा अशी ही योजना होती. पाचव्या आवृत्तीपासून विषयवार तज्ज्ञांना लेख वाटून देण्याची पद्धतही त्यांनी पक्की केली. सतत सुधारत राहणारा कोश ही या पेढीची खरी निर्मिती आहे, आणि ती निम्मी तरी चोरट्या छपाईच्या धाकातून झाली.

सरकारशीही त्यांचे सरळ नव्हते. 1821 मध्ये प्रशियाने असा हुकूम काढला की, सॅक्सनीत एकदा तपासणी होऊन छापलेली ब्रॉकहाउस यांची पुस्तके प्रशियात विकण्याआधी पुन्हा तपासली जावीत. एकाच प्रकाशकाच्या सगळ्या पुस्तकांवर असा हुकूम निघावा, यावरून त्यांच्या निर्भीडपणाची कल्पना येते. या दगदगीतच 1823 मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, ते वारले. तेव्हा फ्रीड्रिख बावीस वर्षांचे आणि हाइनरिख एकोणीस वर्षांचे होते.

या दोघांनी पेढी बुडू दिली नाही. फ्रीड्रिख छापखान्याकडे पाहात आणि हाइनरिख प्रकाशनाकडे. 1836 मध्ये त्यांनी वायमारची वालबाउम यांची खिळे (छपाईची धातूची अक्षरे) ओतण्याची प्रसिद्ध फाउंड्री विकत घेतली. पुढे खिळे ओतण्यापासून बांधणीपर्यंतची सगळी कामे लाइपझिगच्या क्वेरश्ट्रासेवरील एकाच आवारात होऊ लागली. मी स्वतः काही वर्षे खिळ्यांच्या छापखान्यात काम केले आहे. आपली अक्षरे आपल्याच हातात असणे म्हणजे मुद्रकाला केवढे बळ असते, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

प्राच्यविद्या वाचक यांचे उत्तर

आपल्या दोन खंडांतील फरकाचे कोडे सोडवता येण्याजोगे आहे.

हेरमान ब्रॉकहाउस यांचा जन्म 1806 चा, अ‍ॅमस्टरडॅमचा. जर्मनीतील शिक्षणानंतर त्यांनी कोपनहेगन, पॅरिस, लंडन आणि ऑक्सफर्ड येथे अनेक वर्षे हस्तलिखितांवर काम केले. 1839 मध्ये ते येना येथे आणि 1841 मध्ये लाइपझिगला प्राध्यापक झाले. कथासरित्सागराचा पहिला खंड त्या पूर्वीच्या श्रमांचे फळ असून तो खरोखरच भावांच्या पेढीने आपल्या जबाबदारीवर काढला. त्याच्या शीर्षकपानावर लाइपझिगखेरीज पॅरिसच्या ‘ब्रॉकहाउस आणि आव्हेनारिउस’ यांचेही नाव आपल्याला दिसेल. ती पेढीची पॅरिसमधील शाखा.

पुढे 1841 मध्ये हेरमान यांनी एक निबंध लिहून असे मांडले की, संस्कृत ग्रंथ रोमन अक्षरांत छापावेत. खर्च कमी होईल, खिळे जुळवणे सोपे जाईल आणि संस्कृत न शिकलेल्या भाषाशास्त्रज्ञालाही ते वाचता येतील, अशी त्यांची बाजू होती. देवनागरीचे खिळे जुळवताना मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांसाठी किती वेगवेगळे तुकडे लागतात हे पाहिले, तर छापखान्याच्या घरात वाढलेल्या पंडिताला असा विचार सुचावा यात नवल नाही. तरीही मला तो मान्य नाही. ज्या वाचकांच्या परंपरेतून हा ग्रंथ आला त्यांना अशा छपाईने परके केले, आणि रोमन अक्षरांतील श्लोक वाचताना आपल्या डोळ्यांना आजही अडखळायला होते. आपला 1862 चा खंड आणि त्यापुढचा 1866 चा खंड या मताप्रमाणे छापलेले आहेत.

आता ‘इन कोमिसिओन’विषयी. याचा अर्थ असा की ग्रंथ पेढीच्या मालकीचा नसून पेढी तो केवळ दलालीवर विकत आहे. हे उत्तरखंड जर्मन प्राच्यविद्या संस्थेच्या ग्रंथमालेतून निघाले. ही संस्था 1845 मध्ये स्थापन झाली, हेरमान तिच्या संस्थापकांपैकी एक होते आणि तिच्या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी अनेक वर्षे केले. तेव्हा ‘घरचा माणूस म्हणून छापले का’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन शब्दांतच आहे: पहिल्या खंडाचा भार घराने उचलला, पण तेवीस वर्षांनी पुढचा भाग निघाला तेव्हा ग्रंथ विद्वत्संस्थेचा होता आणि घराकडे फक्त विक्री होती. संपादक घरचा असला तरी हिशेब वेगळा ठेवला गेला.

केवळ घरच्या माणसासाठी ही दारे उघडी नव्हती, हेही सांगायला हवे. हेरमान यांच्याकडे लाइपझिगमध्ये संस्कृत शिकलेल्या मॅक्स म्यूलर यांचे पहिले पुस्तक, हितोपदेशाचे जर्मन भाषांतर, 1844 मध्ये याच पेढीने काढले; तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. आपल्याकडील ग्रासमान यांचा कोश 1873 ते 1875 या काळात निघाला. ग्रासमान हे श्टेटिनच्या शाळेतील गणिताचे शिक्षक. त्यांच्या गणिताची कदर त्यांच्या हयातीत फारशी झाली नाही, पण ऋग्वेदातील प्रत्येक शब्दाचे प्रत्येक स्थळ नोंदवणारा त्यांचा कोश वेदाभ्यासक आजही उघडतात.

आणखी एक दुवा आपल्या मुंबईचा आहे. सोमदेवाचा हा ग्रंथ, म्हणजे कथासरित्सागर, देवनागरीत संपूर्ण मिळण्यासाठी 1889 साल उजाडावे लागले. त्या वर्षी पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांनी संपादिलेली आवृत्ती निर्णयसागर छापखान्याने काढली, आणि पुष्कळ ठिकाणी तिचे पाठ ब्रॉकहाउस यांच्यापेक्षा चांगले आहेत. टॉनी यांचे इंग्रजी भाषांतर मात्र त्याआधीचे असल्याने ब्रॉकहाउस यांच्या पाठावर आधारलेले आहे. आपल्या वाचनालयात निर्णयसागरची प्रत असेल तर ती याच खंडांशेजारी ठेवावी, अशी विनंती.

ग्रंथनोंद

दोघांचेही मनापासून आभार. निर्णयसागरची प्रत आमच्याकडे आहे. पुठ्ठा सुटला आहे, पण पाने शाबूत आहेत. आता आणखी एक शंका. शोपेनहौअर यांचा मुख्य ग्रंथ याच पेढीने काढला आणि तो रद्दीत गेला, असे वाचल्याचे आठवते. उपनिषदांवर इतकी भक्ती असलेल्या तत्त्वज्ञाच्या बाबतीत हे खरे आहे का? आणि या पेढीचे पुढे काय झाले?

लाइपझिगवासी यांचे उत्तर

मी नोकरीनिमित्त काही वर्षांपासून लाइपझिगमध्ये राहतो. या पेढीची कागदपत्रे येथील राज्य अभिलेखागारात आहेत आणि ब्रॉकहाउस नावाचा रस्ताही शहरात आहे. परंतु ज्या भागात ही पेढी आणि तिच्यासारखे शेकडो मुद्रक, बांधणीवाले आणि पुस्तकविक्रेते होते, त्या भागातून चालताना जुने फार थोडे दिसते. त्याचे कारण पुढे येईलच.

शोपेनहौअर यांच्याविषयी आपण वाचले ते खरे आहे. ग्रंथ 1818 च्या अखेरीस निघाला, शीर्षकपानावर 1819 साल पडले. छपाई चालू असतानाच लेखकाने संस्थापकांना इतकी उर्मट पत्रे लिहिली की दोघांचे संबंध तुटले. ग्रंथ खपला नाही आणि उरलेल्या प्रतींपैकी बऱ्याच रद्दीत गेल्या. तरीही 1844 मध्ये मुलांनी दुसरी आवृत्ती, नव्या दुसऱ्या खंडासह, काढली. आधी ते कचरत होते, पण लेखकाने मानधन सोडले तेव्हा तयार झाले. मात्र 1851 मध्ये ज्या निबंधसंग्रहाने शोपेनहौअर यांना अखेर कीर्ती मिळवून दिली, तो ब्रॉकहाउसनी नाकारला आणि बर्लिनच्या एका प्रकाशकाने छापला. तोट्याची पुस्तके सोसून नफ्याचे पुस्तक हातचे घालवावे, याचे वाईट वाटते. 1859 ची तिसरी आवृत्ती पुन्हा याच पेढीची आहे.

याला एक धागा जोडतो. फ्रीड्रिख आणि हेरमान या दोघांच्या पत्नी संगीतकार रिचर्ड वाग्नर यांच्या सख्ख्या बहिणी होत्या. नोव्हेंबर 1868 मध्ये पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेले तरुण नीत्शे आणि वाग्नर यांची पहिली भेट लाइपझिगला झाली ती आपल्या कथासरित्सागराच्या संपादकांच्या घरी, आणि त्या संध्याकाळी दोघे शोपेनहौअर यांच्याविषयीच बोलले. ज्या तत्त्वज्ञाला पेढीने रद्दीत घातले, त्याच्यावरची चर्चा त्याच घराण्याच्या दिवाणखान्यात झाली.

पेढीच्या भरभराटीचा काळ एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. हाइनरिख यांच्यानंतर एडुआर्ड आणि रुडोल्फ हे त्यांचे पुत्र, मग त्यांच्या पुढची पिढी. पुरातत्त्वज्ञ श्लीमान यांचे प्राचीन ट्रॉय नगराविषयीचे ग्रंथ आणि स्वेन हेडिन यांची प्रवासवर्णने येथून निघाली. कोशाची चौदावी आवृत्ती 1892 ते 1896 या काळात सोळा खंडांत पुरी झाली. रशियात एफ्रोन या प्रकाशकाशी भागीदारी करून काढलेला रशियन ज्ञानकोश 1890 ते 1907 या काळात छ्यांशी अर्धखंडांत निघाला. याउलट, एर्श आणि ग्रूबर यांचा सर्वसंग्राहक विश्वकोश पेढीने 1831 मध्ये दुसऱ्या प्रकाशकाकडून घेतला आणि एकूण 167 खंड निघूनही 1889 मध्ये तो अपुराच सोडावा लागला. त्याच्या संपादनाचा भार 1856 पासून हेरमान यांनी वाहिला होता. हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार अठ्ठावन्न वर्षे सांभाळला गेला. खिळेजुळारी यांनी ज्या संभाषण-कोशाची हकिगत सांगितली, त्याच्या कमाईवर हे सगळे उभे होते, असे माझे मत आहे.

4 डिसेंबर 1943 च्या पहाटे लाइपझिगवर बॉम्बहल्ला झाला आणि मुद्रकांचा तो सारा भाग बेचिराख झाला. ब्रॉकहाउस यांचे आवारही बहुतांश गेले. अठराव्या शतकातील इटालियन साहसी प्रवासी कॅसानोव्हा याच्या आठवणींचे मूळ हस्तलिखित मात्र वाचले. संस्थापकांनी ते 1821 मध्ये कॅसानोव्हाच्या नातलगाकडून 200 थालरना घेतले होते. त्याची काटछाट केलेली भाषांतरे आणि रूपे पेढीने पुष्कळ काढली, पण मूळ मजकूर तिजोरीबाहेर जाऊ दिला नाही. युद्धात कुटुंबातील एका व्यक्तीने ते सायकलवरून नेऊन बँकेच्या तळघरात ठेवले.

1945 मध्ये अमेरिकन सैन्य लाइपझिग रशियनांच्या ताब्यात देऊन निघाले, तेव्हा त्यांनी निवडक प्रकाशकांना आपल्याबरोबर पश्चिमेला नेले. हान्स ब्रॉकहाउस यांनी वीसबाडेन येथे नव्याने सुरुवात केली आणि हस्तलिखितही तेथे गेले. लाइपझिगमधील पेढी 1953 मध्ये सरकारजमा झाली आणि एकाच नावाची दोन प्रकाशने दोन जर्मनींत चालू लागली. कॅसानोव्हाचा अस्सल मजकूर अखेर 1960 ते 1962 या वर्षांत पॅरिसच्या प्लोन या प्रकाशकांच्या सहकार्याने छापला गेला.

1984 मध्ये ब्रॉकहाउस आणि ‘बिब्लिओग्राफिशेस इन्स्टिटूट’ या दोन पेढ्या मानहाइम येथे एक झाल्या. दुसरी पेढी म्हणजे मायर यांच्या कोशाचे घर, ब्रॉकहाउसचे शतकाहून अधिक काळचे प्रतिस्पर्धी. स्वतंत्र कौटुंबिक पेढीचा इतिहास येथे थांबतो. 1988 मध्ये पेढीचे बहुसंख्य समभाग लांगेनशाइट या शब्दकोशांच्या प्रकाशकांकडे गेले. एकविसावी आवृत्ती 2005 आणि 2006 मध्ये तीस खंडांत निघाली आणि छापील कोशांतली तीच शेवटची ठरली. 2009 मध्ये ब्रॉकहाउस हे नाव बेर्टेल्समान या प्रकाशन समूहाकडे गेले, काही वर्षांनी छापील खंडांची विक्री थांबली आणि 2015 पासून ते एका स्वीडिश ज्ञानकोश कंपनीकडे आहे; शाळांसाठी त्याच नावाने आंतरजालावर कोश चालतो. 200 थालरना घेतलेले कॅसानोव्हाचे हस्तलिखित 2010 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने सत्तर लाखांहून अधिक युरो देऊन विकत घेतले.

खिळेजुळारी

लाइपझिगवासी यांच्या उत्तराला एक पुरवणी. कोश विकिपीडियामुळे बुडाला, एवढेच बहुधा सांगितले जाते. माझ्या मते 1943 ते 1953 या काळातला घाव अधिक खोल होता. छापखाना आणि खिळ्यांचा कारखाना यांसह उभी असलेली पेढी आणि केवळ नाव आणि संपादकीय कौशल्य घेऊन दुसऱ्या गावी गेलेली पेढी, या दोहोंत फार अंतर आहे. वीसबाडेनला गेल्यावर हान्स यांनी 1952 पासून सोळावी आवृत्ती काढायला घेतली आणि पाच वर्षांत बारा खंड पुरे केले, याबद्दल त्यांचे कौतुकच करायला हवे. परंतु तिसरी आणि चौथी पिढी ज्या आवारात लहानाची मोठी झाली, ते आवार त्यांना परत उभे करता आले नाही.

ग्रंथनोंद

आपणा सर्वांची ऋणी आहे. दोन्ही खंडांच्या नोंदी आज नव्याने लिहिल्या. पहिल्यावर प्रकाशक म्हणून एफ. ए. ब्रॉकहाउस, दुसऱ्यावर प्रकाशक म्हणून जर्मन प्राच्यविद्या संस्था आणि त्याखाली ‘विक्री: एफ. ए. ब्रॉकहाउस’. निर्णयसागरची प्रत बांधणीसाठी दिली आहे. ती परत आली की तिन्ही एकाच फळीवर लागतील.